दाबून चालवलं की स्पोर्ट्स कारचं इंजिन सुधारतं का? सोलापूरच्या रस्त्यांवर, सोलापूरच्या उन्हात करून बघायची रीत

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एखाद्या गॅरेजसमोर चांगली गाडी उभी करा आणि ‘पिकअप कमी झालाय’ म्हणा. बॉनेट उघडायच्या आधी सल्ला येतो: ‘मालक, गाडी नुसती गावातच फिरायलीय. एकदा पुणे रोडला ताणून आणा, मोकळी होतीय बघा.’

हा सल्ला अर्धा खरा आहे. जो अर्धा खरा आहे त्यासाठी ना रेड लाइन (फेऱ्यांच्या काट्यावरची लाल हद्द) लागते, ना १५०चा वेग. उरलेल्या अर्ध्यात टर्बो, टायर आणि लायसन्स अशा तिन्ही गोष्टी पणाला लागतात, म्हणून दोन्ही वेगळे करून घेणं गरजेचं आहे.

थेट उत्तर आधी देतो. दाबून चालवल्याने इंजिनात नवी ताकद तयार होत नाही. फोक्सवॅगनच्या व्हर्टस जीटीचं दीड लिटरचं टर्बो इंजिन १५० पीएसचं आहे, ते मोहोळपर्यंत कितीही ताणलं तरी १५५चं होणार नाही. छोट्या फेऱ्यांमुळे त्यातलं जे हरवलं असेल, त्यातलं थोडं परत मिळू शकतं, इतकंच. तुमची गाडी दर आठवड्याला पुण्याला किंवा हैदराबादला जात असेल तर तिचं हरवलेलंच काही नाही. ती ताणून फक्त पेट्रोल जाईल.

गावातल्या फेऱ्यांत काय बिघडतं

होटगी रोडवरून सात रस्त्याला, तिथून नवी पेठेत, परत घरी. फेरी चार-पाच किलोमीटरची. कूलंटचा काटा मधोमध आला म्हणजे इंजिन तापलं असं आपण धरतो, पण ऑइल कूलंटच्या बरंच मागे असतं. कूलंट पाच-दहा मिनिटांत ९० अंशांच्या आसपास पोहोचतं, ऑइलला पंधरा-वीस मिनिटं लागतात. इंजिन थंड असताना पेट्रोल जास्त सोडलं जातं. त्यातलं न जळलेलं थोडं रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ज्वलनातून आलेली वाफही तिथेच पाणी होऊन बसते. ऑइल ९०–१०० अंशांवर काही वेळ राहिलं तर हे दोन्ही उडून जातं. चार किलोमीटरच्या फेरीत ती वेळ येतच नाही. डिपस्टिकवर लेव्हल कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली आणि तिला पेट्रोलचा वास आला, तर हेच चाललंय असं समजा.

दुसरी गोष्ट स्पार्क प्लगची. प्लगचं टोक साधारण ४५०–५०० अंशांच्या वर गेलं की त्यावरची काजळी आपोआप जळते. त्याच्या खाली राहिलं तर काजळी साठत जाते आणि गाडी कधीमधी मिस मारते. वरची मर्यादा ८५० अंशांच्या आसपास. त्यापुढे प्लग स्वतःच मिश्रण अवेळी पेटवू लागतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. पिस्टनच्या डोक्यावर आणि ज्वलनकक्षाच्या भिंतींवर कार्बनचा थर बसतो. त्याने जागा किंचित कमी होते, थर तापून राहतो, आणि मिश्रण ठिणगीच्या ज्वाळेची वाट न बघता भलत्या जागी आपोआप पेटायला लागतं. यालाच नॉकिंग म्हणतात. आजच्या गाडीत नॉक सेन्सर असतो. तो हा ठोका ऐकतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी उशिरा टाकायला लागतो. ठिणगी उशिरा पडली की ताकद कमी. ‘बांधल्यासारखी वाटतीय’ ही तक्रार बऱ्याचदा इथून येते.

उष्णतेने काय निघतं, काय निघत नाही

प्लगवरची काजळी निघते. ऑइलमधलं पेट्रोल आणि पाणी निघतं. पिस्टनवरचा मऊ, ताजा थर काही प्रमाणात जळतो किंवा पापुद्रे सुटून एक्झॉस्टमधून जातो. जुना, कडक झालेला थर बहुतेक जागचा हलत नाही.

इनटेक वॉल्व्हच्या मागे साठलेला कार्बन मात्र वेगळा विषय आहे. तुमच्या गाडीत पेट्रोल कुठे फवारलं जातं त्यावर सगळं ठरतं. पोर्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टर वॉल्व्हच्या आधी असतो, पेट्रोल वॉल्व्हवरून वाहत जातं आणि त्यातलं डिटर्जंट वॉल्व्ह धुतं. २०१६ साली आपल्याकडे आलेली मस्टँग जीटी, म्हणजे पाच लिटरची व्ही८, या प्रकारातली. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं आणि वॉल्व्हच्या मागच्या बाजूला पेट्रोलचा थेंबही लागत नाही. क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातून, येणारी ऑइलची वाफ मात्र तिथे बसत राहते, भाजत राहते. पोलो जीटी टीएसआय, व्हर्टस-स्लाव्हियाची टीएसआय इंजिनं सगळी डायरेक्ट इंजेक्शनची. यांच्या वॉल्व्हवरचा कार्बन हैदराबादपर्यंत ताणून जाऊन आलात तरी निघणार नाही. टाकीत टाकायच्या बाटलीनेही निघणार नाही, कारण ते औषध वॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही. चांगल्या बाटलीत पॉलिइथरअमाइन नावाचं रसायन असतं. ते इंजेक्टर आणि ज्वलनकक्षासाठी उपयोगी आहे, तेवढ्यापुरतं वापरावं.

मग ताणून आल्यावर गाडी हलकी का वाटते?

कारण बऱ्याचदा ती खरोखर वेगळी वागते, पण इंजिन सुधारलेलं नसतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तुमच्या पायाची सवय शिकतो. तासभर जोरात चालवलंत की तो गिअर उशिरा वर टाकतो, लवकर खाली आणतो. ईसीयूसुद्धा इंधनाची आणि ठिणगीची दुरुस्ती सतत करत असतो. बॅटरीची तार काढून पुन्हा लावली तरी काही दिवस गाडी निराळी वाटते, ती याचमुळे.

आणि हवा! सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरपेक्षा थोडं वर आहे, म्हणजे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी कमी. तापमान दहा अंशांनी वाढलं की हवा साधारण तीन टक्क्यांनी विरळ होते. एप्रिलच्या पहाटे २६ अंश आणि दुपारी ४२, म्हणजे एकाच दिवशी एकाच गाडीत पाचेक टक्क्यांचा फरक. टर्बो नसलेल्या इंजिनात तो सरळ ताकदीतून जातो. टर्बोवाल्यात दाब भरून निघतो, पण इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा गार करणारी जाळी) तापला की आत जाणारी हवा ६० अंशांच्या वर जाते आणि ईसीयू ठिणगी मागे घेतो. दुपारी तक्रार घेऊन गॅरेजला गेलेला माणूस पहाटे हायवेला गाडी ताणतो आणि म्हणतो, मोकळी झाली. निम्मं श्रेय पहाटेच्या गारव्याचं असतं. म्हणूनच मोजल्याशिवाय काही मानायचं नाही.

आता रीत.

पायरी १: आजारी गाडी ताणायची नाही

चेक इंजिनचा दिवा लागला असेल, गाडी तापत असेल, ऑइल खात असेल, तर आधी दुरुस्ती. ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर मोबाइलला जोडून एरर कोड वाचा. हे छोटं यंत्र पुढच्या पायऱ्यांनाही लागणार आहे, तेव्हा घेऊनच ठेवा.

ऑइल सपाट जागेवर बघा. टर्बो डायरेक्ट इंजेक्शन गाडीत ऑइलच्या डब्यावर एपीआय एसपी ही ग्रेड आहे का तेही पाहा. हा दर्जा २०२०मध्ये आला, आणि कमी आरपीएमवर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे कमी असताना, होणारं अवेळी ज्वलन रोखणं हा त्यातला एक मुद्दा आहे. कंपनीने सांगितलेला व्हिस्कोसिटीचा आकडा आणि तिची स्वतःची मान्यता मात्र त्याहून वरचढ मानायची.

कूलंटमध्ये बोअरचं पाणी कधीही टाकू नका. आपल्याकडच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतात. बंपरमागे रेडिएटर आणि इंटरकूलरच्या जाळीत धूळ, किडे, उसाचं पाचट अडकलेलं असतं. ते कमी दाबाच्या पाण्याने, शक्यतो मागून पुढे, धुवा. प्रेशर गनने पत्रे वाकतात. एअर फिल्टर काढून बघा. सोलापूरच्या धुळीत कंपनीने सांगितलेल्या अंतरापेक्षा तो लवकर भरतो. ‘परफॉर्मन्स’ म्हणून विकले जाणारे तेल लावलेले कापडी फिल्टर मला इथल्या हवामानात पटत नाहीत. कागदी फिल्टरपेक्षा ते धूळ जास्त सोडतात आणि त्यांचं तेल एअर-फ्लो सेन्सरवर जाऊन बसतं.

टायरकडे लोक सगळ्यांत शेवटी बघतात, खरं तर सुरुवात तिथून करावी. स्पोर्ट्स कार कमी फिरते, त्यामुळे नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं उलटलेल्या टायरवर जोरात जाऊ नका, नक्षी कितीही असो. हवा पहाटे, गाडी थंड असताना भरा.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या उसाचा त्यात वाटा आहे! त्याचा ऑक्टेन ९५ असतो, जुन्या साध्या पेट्रोलचा ९१ होता. नॉकिंगच्या दृष्टीने हे चांगलं, पण लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिनाभर गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीची टाकी अर्धी रिकामी असेल तर आधी ताजं पेट्रोल भरा. महागडं ९९–१०० ऑक्टेनचं पेट्रोल फायदा देतं ते फक्त मॅन्युअलमध्ये ९८ मागणाऱ्या किंवा ठिणगी पुढे नेऊ शकणाऱ्या इंजिनाला. बाकीच्यांनी पैसे वाचवावेत.

पायरी २: आधीचं माप

मोबाइलवर जीपीएसने वेग-वेळ मोजणारं ॲप घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये ६० ते १०० किमी वेगाला किती सेकंद लागतात तेवढंच मोजायचं. शून्यापासून मोजू नका, त्यात क्लच आणि टायरचा खेळ जास्त. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये गिअर धरून ठेवा.

सपाट, कोरडा, रिकामा रस्ता. एसी बंद. टाकी अर्धी. एकदा जाताना, एकदा येताना, म्हणजे वारा आणि उतार कटतो. असं दोन-तीनदा करून सरासरी. शेजारी बसलेल्याने मोबाइल सांभाळायचा, चालकाने रस्ता.

सोबत स्कॅनरवर चार आकडे टिपा: आत जाणाऱ्या हवेचं तापमान, कूलंटचं तापमान, ठिणगीचा कोन, आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलच्या मात्रेत कायम करत असलेली दुरुस्ती). फ्युएल ट्रिम शून्याच्या आसपास, पाच टक्के इकडे-तिकडे असेल तर ठीक. दहाच्या पुढे असेल तर हवा कुठेतरी चोरून आत येतीय, सेन्सर खोटं बोलतोय किंवा इंजेक्टर तुंबलाय. हे ताणून सुटणारं दुखणं नाही.

पायरी ३: वेळ आणि रस्ता

पहाट. उजाडल्यावर, अंधारात नाही. ऊस तोडणीच्या हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीनंतर मार्चपर्यंत, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या रस्त्यांवर असतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. हे सोलापूरकराला सांगायला नको, तरी दरवर्षी अपघात होतातच.

पुणे रस्ता, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६५, यासाठी सोयीचा आहे. शहरातून बाळ्याकडे बाहेर पडेपर्यंत इंजिन तापायला सुरुवात होते. मोहोळ पस्तीसेक किलोमीटरवर, वाटेत सावळेश्वरचा टोलनाका. दुभाजकातले कट मात्र ध्यानात ठेवा, गावाजवळ उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल गृहीतच धरायची. विजापूर रस्ताही आता चौपदरी आहे, टाकळीला भीमा ओलांडली की कर्नाटक. तुळजापूर रस्त्याला एक फायदा आहे: तुळजापूर बालाघाटाच्या रांगेत असल्याने शेवटी चढ लागतो, आणि चढावर कमी वेगातही इंजिनावर लोड येतो. पण नवरात्रात आणि कोजागरीच्या आधी हजारो माणसं या रस्त्याने पायी जातात. त्या दिवसांत तिकडे फिरकू नका. आषाढीच्या आधी पंढरपूरच्या रस्त्यांचंही तेच.

वेगमर्यादेचं गणित आधी करून घ्या, कारण इथेच लोकांचा गैरसमज आहे. केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेत चौपदरी रस्त्यावर मोटारीला कमाल १०० किमी आहे, जिथे पाटीवर कमी लिहिलंय तिथे पाटीचा आकडा. महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्या स्पीडगन घेऊन उभ्या असतात. इंजिनाला मात्र वेग लागतच नाही, त्याला लोड आणि आरपीएम लागतात. शंभरच्या आत राहून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ते दोन्ही मिळतात. सहाव्या गिअरमध्ये १४०ने जाणारं इंजिन तिसऱ्यातल्या ९०पेक्षा कमी फिरत असू शकतं.

पायरी ४: तापवणं

सुरू करून दारात दहा मिनिटं गुरगुरत ठेवू नका. तसं इंजिन हळू तापतं आणि पेट्रोल जास्त खाली उतरतं. अर्धा मिनिट थांबा, निघा, आणि पहिले पंधरा-वीस मिनिटं अडीच-तीन हजार आरपीएमच्या आत, अर्ध्याहून कमी ॲक्सिलरेटरवर चालवा.

ऑइल टेंपरेचरचा वेगळा काटा किंवा आकडा असेल तर ८०च्या वर गेल्याशिवाय पाय दाबायचा नाही. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच एम गाड्यांत तर आरपीएमच्या तबकडीवरच इशारा असतो: इंजिन थंड असताना लाल पट्टा खाली असतो आणि तापत जाईल तसा वर सरकतो. आकडा नसेल तर कूलंट मधोमध आल्यावर आणखी दहा मिनिटं. कूलंटच्या काट्यावर फार विसंबू नका, अनेक कंपन्यांनी तो ८० ते १०५ अंशांत मधोमधच स्थिर राहील असा बसवलेला असतो. गिअरबॉक्स, बेअरिंगं, टायर यांनाही हाच वेळ हवा असतो. इंजिनाची झीज थंडपणी जास्त होते. ताणून गाडी खराब झाली असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती थंड असतानाच ताणलेली असते.

पायरी ५: दाबणं

तिसरा गिअर, २,५०० आरपीएम. पाय एका दमात नाही, दोन-तीन सेकंदांत खाली न्या. इंजिन ५,०००–५,५००पर्यंत जाऊ द्या किंवा वेग १००ला पोहोचेपर्यंत, जे आधी येईल ते. मग पाय पूर्ण उचला आणि गिअर न काढता वेग उतरू द्या. या उतरणीत इंजिनाचं पेट्रोल बंद होतं, नुसती हवा आत जाते. लोडवर तापलेला थर इथे एकदम निवतो, आणि तापमानाच्या याच चढउतारात पापुद्रे सुटतात. मागे कोणी नाही ना हे आरशात बघूनच पाय उचला, कारण ब्रेकचा दिवा लागत नाही आणि गाडी हळू होते.

मधे दोन मिनिटं शांत चालवा, इंटरकूलर निवू दे. मग पुन्हा. आठ-दहा वेळा पुरे. तीनशे पीएसच्या गाडीत दुसऱ्या गिअरमध्येच शंभर येतं, त्यामुळे तिथे पूर्ण दाबायची गरज नाही. पाऊणभर पाय आणि चढाचा रस्ता पुरतो.

जास्त गिअरमध्ये, दीड हजार आरपीएमवर पूर्ण पाय मात्र अजिबात दाबू नका. लोकांना वाटतं आरपीएम कमी म्हणजे इंजिनाला आराम. छोट्या टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात उलट आहे. याच अवस्थेत ऑइलचा थेंब किंवा कार्बनचा कण ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो, दाब भयानक वाढतो, आणि पिस्टनची कड तुटू शकते. रेड लाइनला अधूनमधून टेकलेलं गरम इंजिन त्यापेक्षा सुरक्षित असतं.

ऑइल १३०च्या पुढे, कूलंट ११०च्या पुढे गेलं, किंवा खडखड ऐकू आली, की थांबवा. मे महिन्यात हा आकडा पटकन येतो. खरं सांगायचं तर एप्रिल-मेमध्ये हा उद्योग करूच नये, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

शेवटी पंधरा-वीस मिनिटं एका वेगाने, ८०–९०ला, टॉपच्या एक गिअर खाली, तीन हजार आरपीएमच्या आसपास. ऑइल वाळतं ते या टप्प्यात. खरं काम वरच्या दहा झटक्यांइतकंच इथेही होतं, पण ते कंटाळवाणं असल्याने सगळे टाळतात.

पायरी ६: निववणं

पेट्रोल टर्बोच्या एक्झॉस्टचं तापमान जोरात चालवताना ९०० अंशांच्या वर जातं. इंजिन एकदम बंद केलं की टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जागच्या जागी भाजून कोळसा होतं. शेवटचे पाच किलोमीटर सावकाश आलात की प्रश्न मिटतो. बाळ्यापासून आत शहराची गर्दी ते काम आपोआप करून घेते. धोका असतो तो हायवेवरून थेट ढाब्यावर वळून चावी फिरवण्यात. तिथे मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवा. बंद केल्यावर पंखा फिरत राहिला तर फिरू द्या, आणि कूलंटचं झाकण उघडायची घाई नको.

पायरी ७: पुन्हा मोजणं

दुसऱ्या दिवशी किंवा पुढच्या आठवड्यात, त्याच वेळेला, त्याच रस्त्यावर, तसंच. आत जाणाऱ्या हवेच्या तापमानात पाच अंशांहून जास्त फरक असेल तर तुलना सोडून द्या. सहा सेकंदांच्या मापात दोन-दशांश सेकंदांचा फरक म्हणजे तीन टक्के, इतका तर पायाच्या चुकीनेही पडतो. त्याहून जास्त वेळ कमी झाला आणि सोबत ठिणगीचा कोन पुढे आलेला दिसला, तर तुमच्या गाडीला खरोखर फायदा झाला. कोन तोच आणि गाडी फक्त चपळ वाटतीय, तर गिअरबॉक्स शिकलाय.

असा फायदा झालेल्या गाडीला महिन्यातून एकदा तासभर हायवे दाखवा, एवढंच पुरतं. ऑइल मात्र छोट्या फेऱ्यांच्या गाडीत वर्षाच्या आत बदलावं, किलोमीटर कितीही कमी असले तरी.

नव्या गाडीचं काय?

‘पहिल्या दिवसापासून दाबली की इंजिन मोकळं राहतं’ असं ठामपणे सांगणारे प्रत्येक चौकात भेटतात. त्यात एक तथ्य आहे. रिंगा सिलिंडरला घट्ट बसतात त्या रिंगमागे शिरणाऱ्या वायूच्या दाबाने, आणि दाब लोडनेच येतो. नवी गाडी नुसती हळू, एकाच वेगाने चालवली तर बोअरवरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरच्या, होनिंगच्या बारीक रेघा नीट झिजत नाहीत, गुळगुळीत होतात, आणि गाडी ऑइल खायला लागते. पण यावरून रेड लाइनला जायचं असा अर्थ निघत नाही. बीएमडब्ल्यूच्या अनेक एम मॉडेलांना पहिल्या २,००० किमीपर्यंत ५,५०० आरपीएमची मर्यादा सांगितलेली असते, आणि तिथे वेगळी रनिंग-इन सर्व्हिस होऊन ऑइल बदलतात. मध्यम मार्ग असा: गरम झाल्यावर, अर्धा ते पाऊण पाय, आरपीएम सतत बदलता, जास्त वेळ एकाच वेगाने नाही. सोलापूर–पुणे नव्या गाडीने क्रूझ कंट्रोल लावून जाऊ नका.

डिझेलवाल्यांसाठी एक ओळ: एप्रिल २०२०नंतरच्या बीएस६ डिझेलमध्ये पार्टिक्युलेट फिल्टर असतो, त्यातली काजळी ५५०–६०० अंशांना जळते, आणि त्यासाठी झटके नकोत, वीस मिनिटं एका चालीने हायवे हवा.

पूर्ण ताकदीने गाडी चालवायची हौसच असेल तर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टाई, कोइंबतूरचं करी स्पीडवे, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आहे. तिथून आल्यावर ऑइल आणि ब्रेक फ्लुइड बदला. तो गाडीसाठी नव्हे, तुमच्यासाठी केलेला खर्च धरा.

फरक पडला नाही तर

स्वस्तापासून महागाकडे जा. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग पहिले. प्लग काढल्यावर त्यांचा रंग बघा: फिकट तपकिरी ठीक, कोरडा काळा म्हणजे काजळी, ओला काळा म्हणजे ऑइल. मग थ्रॉटल बॉडी साफ करणं. मग टर्बो आणि इंटरकूलरच्या पाइपची तपासणी, कारण क्लॅम्प सैल झाला की ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि ताकद जाते. हा दोष ‘कार्बन’ या नावाखाली बऱ्याचदा सुटून जातो.

डायरेक्ट इंजेक्शनची गाडी ६०–७० हजार किमीच्या पुढे असेल, थंड असताना थरथरत असेल, तर इनटेकमध्ये बोअरस्कोप (नळीला लावलेला बारीक कॅमेरा) घालून वॉल्व्ह बघायला सांगा. फोटो मागा. वॉल्व्हच्या दांड्यावर जाड काळं साठलं असेल तर वॉलनट ब्लास्टिंग करतात: मॅनिफोल्ड काढून, वॉल्व्ह बंद ठेवून, अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारायचा. तो धातूला ओरखडे पाडत नाही. हे काम करणारी गॅरेजं बहुधा पुण्याकडे शोधावी लागतात. फोटो न दाखवता ‘डीकार्बन करून टाकू’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. एक्झॉस्टच्या नळीतून वाफ सोडून दाखवणाऱ्या यंत्राने वॉल्व्हच्या मागचा कडक थर जात नाही.

एवढं करूनही ओढ नसेल तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याचं माप. आकडा किती आला यापेक्षा सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा: आकडा वर आला तर रिंगा, नाही आला तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. त्यानंतर इंजिन उघडायचं अंदाजपत्रक लेखी घ्या, आणि ते हातात येईपर्यंत गाडी तीन हजार आरपीएमच्या खाली चालवा.